खांबाच्या अलीकडे

प्री अनातोल-कॉर्बिये ही शर्यत यंदा व्हिर्ग्यूल हरली. शर्यतीत ती एकटीच होती.

हे एकदा सांगून झालं. आता असं काही घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण सफरचंदाच्या झाडाखाली मांडलेल्या टेबलाभोवती कॉर्बिये घराण्यातली माणसं नेमकं तेच करत होती. जिस्लेन बदकाचं मांस वाढत होती. तिचा नवरा गोंत्राँ पॅरिसहून आलेल्या शर्यत-समितीच्या माणसाचा पेला सफरचंदाच्या सीडर दारूने भरत होता, आणि तो रिकामा व्हायच्या आधीच पुन्हा भरत होता. गोंत्राँच्या एर्माँस आत्या रुमाल गळ्याशी खोचून पावाचा कडक भाग शोधत होत्या. आणि व्हिर्ग्यूल टेबलाच्या टोकाशी उभी राहून टोपलीतली सफरचंदं खात होती. तिच्या पाठीवर, स्वाराच्या जांभळ्या-पिवळ्या सदऱ्यात, जिस्लेन-गोंत्राँची मुलगी ओद बसलेली होती.

"घोडीला कोणी टेबलापासून लांब करणार आहे का?" जिस्लेनने विचारलं.

सगळे ताटात बघून जेवत राहिले. लांब करायची म्हणजे ती इथे का आली यावर बोलावं लागलं असतं.

गोंत्राँची बहीण सिदोनी खांबाकडे बघत होती. निकालाचा खांब इतका जवळ होता, की इथून पाव फेकला असता तर लागला असता. व्हिर्ग्यूल सरळ रेषेत छान धावत आली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात सिदोनीने इतकी सुंदर धाव बघितली नव्हती. अर्थात शेजारी दुसरा घोडा नसला की कुठलीही धाव सुंदरच दिसते. मग खांब आला, टेबल दिसलं, आणि घोडीने कठड्याच्या फटीतून डावीकडे वळण घेतलं. व्हिर्ग्यूल म्हणजे स्वल्पविराम. कपाळावर तसा पांढरा ठिपका होता म्हणून सिदोनीनेच हौसेने हे नाव ठेवलं होतं. पूर्णविराम ठेवायला हवं होतं असं आता तिला वाटत होतं.

पण यावर हसायची तिची परिस्थिती नव्हती. मैदानाच्या टोकाला तबेला होता, तबेल्यावर दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत सिदोनी राहत होती. हे सगळं मैदान, तबेला, झाड आणि खांब पणजोबा अनातोलनी एकाच अटीवर मागे ठेवलं होतं. ती अट खांबाच्या पायथ्याच्या दगडावरही कोरलेली होती: शर्यत चालू आहे तोवर ही जमीन विकू नये.

शर्यत बंद पडली, की गोंत्राँ जमीन विकायला मोकळा. गिऱ्हाईक तयारच होतं. एका सुपरमार्केटला गाड्या लावायला जागा हवी होती. यंदा निकाल लागला नाही तर शर्यत कॅलेंडरमधून वगळू, असं पॅरिसच्या समितीने आधीच कळवलेलं. म्हणून तर हा मस्यू प्लुव्हिए नावाचा माणूस आज टेबलावर होता, आणि म्हणून तर गोंत्राँ त्याला इतक्या मायेने पाजत होता.

"मस्यू, अजून थोडी?" गोंत्राँ म्हणाला. "आमच्याच झाडांची आहे. पुढच्या वर्षी ही चव मिळायची नाही."

"का? पुढच्या वर्षी झाडं संपावर जाणार?" एर्माँस आत्यांनी विचारलं.

"तसं नाही, आत्या."

"मग कसं? नीट सांग की. तुझ्या दुकानात कपाटं विकताना तर केवढं बोलतोस."

आत्या शर्यतीच्या अध्यक्षा होत्या. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस बऱ्याच गोष्टी सोडून देतो. आत्यांनी फक्त कान सोडले होते, आणि तेही त्यांना हवे तेव्हा परत येत.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

सगळे उभे राहिले. प्लुव्हिएही काही न कळून उभा राहिला. दर वर्षी जेवणाच्या मध्ये, काल्व्हादोसचा, म्हणजे सफरचंदाच्या कडक दारूचा, घोट घ्यायच्या आधी, अध्यक्षांनी शर्यतीच्या अटी तोंडपाठ म्हणायच्या, अशी रीत होती. इतर घरांत या घोटाने पोटात पुढच्या पदार्थांसाठी जागा होते. कॉर्बियेंच्या घरात तो घोट म्हणजे कुलूप होतं. घोटाआधी जे कबूल केलं ते कायमचं; नंतर कोणी शब्द फिरवायचा नाही. जिस्लेनशी लग्न करीन असं गोंत्राँ याच टेबलावर घोटाआधी बोलून गेला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते अजून दिसत होतं.

"अट पहिली," आत्यांनी डोळे मिटले. "फक्त माद्या. आणि ज्यांनी कधीही काहीही जिंकलेलं नाही अशाच."

ही अट खुद्द पणजोबांची. त्यांच्या पेलाजी या घोडीने कधीच काही जिंकलं नव्हतं, म्हणून १८९१ मध्ये त्यांनी तिच्यासाठी स्वतःची शर्यतच काढली. पहिल्या वर्षी दोन घोड्या धावल्या. पेलाजी दुसरी आली.

"अट दुसरी. घोडी आपल्या चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरात जन्मलेली असावी."

जिंकलेली घोडी टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याची होती. पुढच्या वर्षी त्याने गाभण घोडी गाडीत घालून आणली आणि चर्चच्या दारातच तिला विऊ दिलं. मोठं झाल्यावर ते शिंगरू जिंकलं.

"अट तिसरी. घोडी पेलाजीच्याच वंशातली असावी."

इथे पणजोबा दमले असावेत. नंतरच्या दोन अटी आजोबा लेओंसच्या. त्यांचा भाऊ एजेनशी वाद होता, आणि एजेनच्या सगळ्या घोड्या पांढुरक्या होत्या. म्हणून चौथी अट, पांढुरकी घोडी चालणार नाही. पण पांढुरकी घोडी जन्मताना काळी किंवा तपकिरी असते, आणि वर्षागणिक पांढरी होत जाते. एजेनची घोडी नाव नोंदवताना तपकिरी होती आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दुधासारखी झाली होती. ती जिंकली की नाही हे अजून वरच्या कोर्टात आहे. दोघं भाऊ मात्र खालीच, चर्चमागच्या मातीत गेले, एकमेकांकडे पाठ करून.

"अट पाचवी. स्वार कॉर्बिये रक्ताचाच. शर्यत चालू असताना खोगीर रिकामं राहता कामा नये, पण रक्ताच्या दुसऱ्या माणसाने जागा घेतली तर हरकत नाही."

"हे कशासाठी?" प्लुव्हिएने न राहवून विचारलं.

"बाबांना मध्यावर लघवीला लागली होती," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. "धाकटे काका त्यांच्या मागून चढले आणि मग बाबा उतरले. फार छान शर्यत झाली ती. अट सहावी. वेळेचं बंधन नाही. हीपण अनातोलची. पेलाजी सावकाश असायची."

सिदोनीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिला त्यात शब्द ऐकूच येत नसत. जेवणाच्या वेळी ताटांचा आवाज होतो तसा हा आवाज. एकेका भांडणाला एकेक अट, आणि एकेका अटीने एकेक घोडा बाहेर. शेवटी साऱ्या फ्रान्समध्ये पात्र अशी एकच घोडी उरली. अकरा वर्षांची, सफरचंदांची वेडी. व्हिर्ग्यूलला पिल्लू झालं नव्हतं, होणारही नव्हतं. तिच्यानंतर पात्र कोणीच नाही. म्हणजे ती जिंकली असती, तरी जिंकल्यामुळे पहिल्या अटीने तीही बाद, आणि मिळालं असतं फक्त एक वर्ष.

सिदोनीला तेवढं एक वर्ष हवं होतं.

"बसा," आत्या म्हणाल्या.

सगळे बसले. ओद आधीपासूनच बसलेली होती.

"मस्यू प्लुव्हिए," गोंत्राँने अगदी घरगुती आवाजात सुरुवात केली, "आता कागदावर काय लिहायचं ते लिहून टाका. म्हणजे घोट घ्यायला मोकळे. निकाल नाही, इतकंच ना?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" सिदोनी म्हणाली. "घोडी कठड्याबाहेर गेली. जिथून गेली तिथे तिला परत न्यायचं आणि पुढे खांब ओलांडायचा. नियमात बसतं. हो ना, मस्यू?"

"तसं... बसतं," प्लुव्हिए म्हणाला. त्याच्या तोंडात बदक होतं.

"मग ओद, ने तिला."

ओदने लगाम थोडा उचलला. व्हिर्ग्यूलने मान थोडी उचलली आणि दुसरं सफरचंद घेतलं.

"येत नाहीये," ओद म्हणाली.

"टाच मार."

"मारली. तिला वाटलं मी कौतुक करतेय."

गोंत्राँ हसला. ते हसू सिदोनीला ओळखीचं होतं. लहानपणी तिच्या सायकलची हवा सोडून झाल्यावर तो असाच हसायचा. आणि त्या हसण्यात त्याने लेकीकडे जो एक कटाक्ष टाकला, त्यावरून सिदोनीला सगळं समजलं. रुआँ शहरातला फ्लॅट. गेले दोन महिने जिस्लेन त्या फ्लॅटच्या पडद्यांबद्दल बोलत होती, आणि तो कोणासाठी हे कोणीच सांगत नव्हतं.

"गोंत्राँ," ती म्हणाली, "पोरीला काय देणार आहेस?"

"कशाबद्दल?"

"घोडी वळवल्याबद्दल."

"सिदोनी! तुझी घोडी, तुझं शिक्षण, तुझी सफरचंदं! बारा महिने तिला या झाडाखाली चारतेस आणि शर्यतीच्या दिवशी ती झाडाखाली आली तर आम्ही गुन्हेगार?"

सिदोनीची नजर टोपलीकडे गेली. कारण हे खरं होतं. रोज सकाळी सराव झाला की याच झाडाखाली, याच टोपलीतून. तिने दहा वर्षं मेहनत घेऊन घोडीला खांबाच्या अलीकडे डावीकडे वळायला शिकवलं होतं.

"तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका," जिस्लेन म्हणाली. "आम्ही तुमची सोय बघितलीय. गावात वृद्धांसाठी किती छान नवीन इमारत झालीय. खिडकीतून घोडे दिसतात."

"कुठले घोडे?"

"टीव्हीवरचे. टीव्ही खिडकीशीच असतो."

सिदोनीने काटा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तिने मान वर केली. वर ओद होती. ओदच्या हातात ताट होतं; जिस्लेनने मघाशी दिलेलं. ती खोगिरावर बसून बदकाची तंगडी खात होती.

हे मघापासून तसंच चाललं होतं, पण कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"ओद, खाली ये ना बाळ," जिस्लेन म्हणाली. "दालचिनीचा भात आणते आता. भट्टीत सकाळपासून ठेवलाय. खाली बसून खा."

"इथेच दे."

"असं घोड्यावर बसून कोणी जेवतं का?"

"मी जेवतेय की."

"उतर म्हणते ना!"

"आई, उतरता येत नाही."

"का? पाय अवघडले?"

"नाही," ओद तंगडी चोखत म्हणाली. "शर्यत चालू आहे."

 व्हिर्ग्यूलच्या जबड्याचा कुर्रकुर्र आवाज तेवढा येत राहिला.

गोंत्राँचा हात सीडरच्या बाटलीवर तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"बाबा, खांब ओलांडला नाही. शर्यत संपल्यावर स्वाराने तराजूवर परत वजन द्यायचं असतं, तेही दिलेलं नाही. खोगीर रिकामं नाही. वेळेचं बंधन नाही. मोठ्या आत्यांनी आत्ताच म्हटलं, तुम्ही सगळे उभे होतात." तिने हाड व्हिर्ग्यूलच्या डोक्यावरून लांब फेकलं. "मग शर्यत संपली कधी?"

सिदोनीला ते नीट कळायला थोडा वेळ लागला. आधी 'चालू' हा शब्द तिच्या कानात शिरला, मग खाली दगडावर जाऊन बसला, मग तिने दगडाकडे बघितलं. शर्यत चालू आहे तोवर ही जमीन विकू नये. शंभर वर्षं घरातले सगळे त्याचा एकच अर्थ धरत आले होते: दर वर्षी होते आहे तोवर. जिंकायची घाई. दर वर्षी नवी घोडी, नवी अट, नवं भांडण. संपवली नाही तर काय होईल, याचा विचार कोणी केलाच नव्हता.

"फ्लॅट नको तुला?" गोंत्राँ हळूच म्हणाला. एवढ्या हळू, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"पडदे बघितले मी," ओद म्हणाली.

"पडद्यांना काय झालंय?" जिस्लेन भडकली.

"फुलं आहेत त्यांवर."

"मस्यू!" गोंत्राँ प्लुव्हिएकडे वळला. "हा पोरकटपणा आहे. तुम्ही समितीचे माणूस. सांगा हिला."

प्लुव्हिएने तोंड पुसलं. खरं म्हणजे त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्याने वर बघितलं: घोडी खोगीर घातलेली, स्वार बसलेला. मग खांबाकडे बघितलं. मग तराजू ठेवलेल्या लाकडी खोलीकडे. तिथे कोणी नव्हतं, आणि दारात एक कोंबडी उभी होती.

"आमचे नियम असं धरून चालतात," तो म्हणाला, "की घोड्याला घरी जायचं असतं."

"ती घरीच आहे," सिदोनी म्हणाली.

"हो. तेच तर."

"अरे मग तिला ओढा!" गोंत्राँ उठला. त्याने लगाम धरला आणि ओढला. व्हिर्ग्यूल एक पाऊल पुढे आली, कठड्याच्या फटीच्या दिशेने. अजून एक. फटीतून सरळ गेली की खांब.

"ओढ, ओढ," एर्माँस आत्या प्रेमाने म्हणाल्या. "खांबापलीकडे नेलीस की जिंकली ती. म्हणजे शर्यत झाली, कॅलेंडरमध्ये राहिली. पेपरात फोटो येईल तुझा. लगाम धरलेला."

गोंत्राँने लगाम सोडला. व्हिर्ग्यूल दोन पावलं मागे, टोपलीकडे गेली.

मग त्याने दुसरा विचार केला, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट उमटला की ओदने पाय रिकिबीत घट्ट रोवले. घोडी पुढे न्यायची नाही. पोरीला खाली ओढायचं. खोगीर रिकामं, शर्यत रद्द. तो टेबलाला वळसा घालून निघाला.

सिदोनी आयुष्यात कधी पटकन उठली नव्हती. ती उठली. स्टूल घेतलं, व्हिर्ग्यूलच्या बाजूला ठेवलं, त्यावर चढली, आणि ओदच्या मागे घोडीवर बसली. जेवणाचा रुमाल अजून तिच्या गळ्याशी होता.

"आता कोणाला ओढतोस ते ठरव," ती म्हणाली. "एक उतरली तर दुसरी आहे. रक्ताचीच आहे मी. तूच सायकलच्या वेळी म्हणायचास ना, तुला कचराकुंडीतून आणलंय? आता तेवढं सिद्ध कर."

"दोघी मिळून वजन किती होतं याचा विचार करा!" जिस्लेन ओरडली.

"वजनाबद्दल अट नाही," आत्या म्हणाल्या. "बाबांमुळे."

गोंत्राँ तिथेच उभा राहिला. त्याच्या समोर त्याची बहीण होती, त्याची मुलगी होती, आणि दोघींच्या मध्ये बसायलाही जागा नव्हती. क्षणभर सिदोनीला त्याची दया आली. लहानपणी दोघं याच घोडीच्या पणजीवर असेच एकामागे एक बसायचे. तो पुढे. तेव्हाही लगाम त्याच्याच हातात असायचा, आणि घोडी तेव्हाही झाडाकडेच जायची.

"ओद," सिदोनी तिच्या मानेशी हळूच म्हणाली, "हे तुला कधी सुचलं?"

"वळली तेव्हा. तिला मी वळवलं नाही, आत्या, खरंच. मी उजवीकडे ओढत होते." तिने बोटं सदऱ्याला पुसली. "आधी वाटलं आता सगळं गेलं. मग वाटलं, उतरायचं कशाला?"

"काल्व्हादोस," एर्माँस आत्या म्हणाल्या.

जिस्लेनने छोटे पेले मांडले. रागात मांडले, पण मांडले; या घरात शेती सोडता येते, चर्च सोडता येतं, हा घोट सोडता येत नाही. दोन पेले वर दिले गेले.

"घोटाआधी," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचे कान अचानक शाबूत झाले. "मस्यू प्लुव्हिए, समितीतर्फे सांगा. ही शर्यत चालू आहे, की नाही?"

प्लुव्हिएने सगळ्यांकडे बघितलं. शिकलेला माणूस होता तो, पण दुपारपासून सीडर पीत होता, आणि ती गोंत्राँनेच पाजली होती.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "चालू आहे."

"गोंत्राँ?"

गोंत्राँने पेल्यात बघितलं. मग खांबाकडे. मग वर, लेकीकडे. "पडदे बदलता आले असते," तो म्हणाला.

"गोंत्राँ."

"चालू आहे," तो म्हणाला, आणि प्याला. सगळेच प्याले. कुलूप लागलं.

मग सिदोनीच्या लक्षात आलं, की पाळ्या लावाव्या लागतील. आत्या म्हणाल्या, पहाटे मी बसेन, मला तशीही झोप लागत नाही. रविवारी गोंत्राँला बसावं लागेल, तोही रक्ताचाच. तो नाही म्हणाला, मग भाताचा दुसरा वाडगा घेताना विचारू लागला की रविवारी म्हणजे दुपारी का. जिस्लेनने खोगिरावर घालायला एक जाड उशी आणून दिली. तिच्यावर फुलं होती. 

व्हिर्ग्यूलने टोपली संपवली आणि मान उचलून झाडाकडे बघितलं. फांद्यांवर फार थोडी सफरचंदं राहिली होती. पुढे महिना-दोन महिन्यांत तीही संपणार, आणि मग टोपलीत काहीच नसेल. मग ही घोडी काय करेल, कुठे जाईल? खांबाच्या पलीकडे, कुंपणापाशी, शेजाऱ्याचं नासपतीचं झाड होतं. सिदोनीला ते झाड इतकी वर्षं कधी दिसलं नव्हतं.

"मस्यू," ती वरूनच म्हणाली, "कागद घ्या. अर्ज आहे."

प्लुव्हिएने हिरवी फाईल उघडली. आत्यांनी हात वर केला. अध्यक्षा त्या होत्या, सांगणार त्या.

"लिहा. प्रति, समिती, पॅरिस. विषय: प्री अनातोल-कॉर्बिये, चालू शर्यत. महोदय, सदर शर्यतीतील एकमेव घोडी व्हिर्ग्यूल ही खांबाच्या अलीकडे भोजनास थांबलेली असून निकाल यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत शर्यतीस बाधा येऊ नये म्हणून मेहेरबान समितीने खांबाअलीकडील सफरचंदाच्या झाडास बाराही महिने फळे लागण्याचे आदेश द्यावेत, आणि खांबापलीकडील नासपतीच्या झाडास ती लागू नयेत असे सक्त ताकीदपत्र पाठवावे, ही नम्र विनंती."